वेगळं ठेवलेलं फुलपात्र

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. अशा वेळी फोन वाजला की माझ्या वयाच्या माणसाला आधी धस्स होतं, मग हात फोनकडे जातो. फोन पुण्याहून होता, भाचीचा. तिची लेक तेव्हा अडीच महिन्यांची होती. मागे तिची कुरकुर ऐकू येत होती.

“मावशी, रागावू नकोस. पण खरं सांग, मी हिला अंगावर पाजू की बंद करू?”

झालं होतं असं की तिच्या मोबाइलवर कुणीतरी एक लांबलचक मजकूर धाडला होता. स्तनाचा कर्करोग एका विषाणूमुळे होतो, तो आईच्या दुधातून मुलीत उतरतो, मुंबईच्या शास्त्रज्ञांनी हे पन्नास वर्षांपूर्वीच सिद्ध केलं होतं, पण औषध कंपन्यांनी ते दाबून टाकलं, वगैरे वगैरे. एरवी अशा मजकुराला हसून पुढे जाणारी ही मुलगी. पण तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, सहा वर्षांपूर्वी याच दुखण्यातून गेली. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी झाली, केस गेले आणि पुन्हा आले. आज ती व्यवस्थित आहे. पण ‘मुलीत उतरतो’ हे दोन शब्द भाचीच्या मनात रुतून बसले होते. संध्याकाळपासून तिनं लेकीला डब्याचं दूध दिलं होतं. इकडे छाती दुधानं ठणकत होती आणि तिकडे बाळ बाटलीकडे तोंड फिरवून रडत होतं.

मी पस्तीस वर्षं बँकेत काढली, चार-सहा कादंबऱ्या लिहिल्या. मी डॉक्टर नाही. तरीही म्हटलं, “आत्ता तिला घे आणि पाज. सकाळी तुझ्या डॉक्टरांना विचार. बाकीचं मी शोधून सांगते.” ती “बघते” म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मला मात्र नंतर झोप आली नाही. डोळ्यांसमोर आक्का येत राहिली.

आक्का म्हणजे माझी आत्या. ऐन तारुण्यात नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून भावाकडे परतली आणि पंचवटीतल्या आमच्या वाड्यात कायमची राहिली. आमच्या वेण्या घालणं, पाढे घेणं, दिवाळीचे लाडू वळणं हे सगळं तिच्याकडे. १९७६ साली, मी चौदा वर्षांची असताना, तिच्या छातीत गाठ असल्याचं घरात कळलं. तिला स्वतःला ते वर्षभर आधी कळलं होतं. लाजेपायी तिनं ती गाठ पदराआड तशीच वागवली. दादा तिला पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला घेऊन गेले. ती गाडी तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. परळच्या टाटा हॉस्पिटलात शस्त्रक्रिया झाली, शेक देऊन झाले. दोन खेपांना मीही सोबत होते. बाहेर बाकावर बसून मी शाळेची पुस्तकं वाचत असे.

परत आल्यावर घरात एक बदल झाला. गावातल्या एका डॉक्टरांनी सहज सांगितलं होतं, “नक्की काही सांगता येत नाही, खबरदारी म्हणून हिची भांडी वेगळी ठेवा.” झालं. आक्काचं ताट, वाटी आणि सासरचं नाव कोरलेलं तिचं पितळी फुलपात्र माजघरातल्या देवळीत गेलं. ते घासायचंही तिनंच. घरात कुणी तिला टाकून बोललं नाही. आई शेवटपर्यंत तिची सेवा करत होती. पण भांडी वेगळी झाली ती झालीच.

त्या दिवाळीत तिनं हट्टानं बसून बेसनाचे लाडू वळले. पहिला लाडू माझ्यापुढे धरला. मी म्हणाले, “नको, पोट भरलंय.” माझं पोट भरलेलं नव्हतं. मला तिच्या हातची भीती वाटत होती. तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, लाडू परत डब्यात ठेवला आणि म्हणाली, “राहू दे, मग खा.” तिला कळलं होतं. १९७८ मध्ये ती गेली. आज सगळ्या गोष्टी उलगडून सांगायला बसले आहे, त्याचं खरं कारण तो लाडू आहे.

असो. सकाळी उठून मी शोधाला लागले. ओळखीच्या एका डॉक्टर बाईंनी जुने-नवे कागद मिळवून दिले, न समजलेलं समजावून दिलं. आणि लक्षात आलं की तो मजकूर धादांत खोटा असता तर काम सोपं होतं. तो अर्धा खरा होता. त्यातली मुंबई खरी होती, शास्त्रज्ञ खरे होते, दूधही खरं होतं.

गोष्ट सुरू होते उंदरांपासून. अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर नावाचं गाव आहे. तिथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत उंदरांचे असे वाण जोपासले होते की एका वाणाच्या माद्यांना स्तनाचा कर्करोग हमखास व्हावा आणि दुसऱ्या वाणाच्या माद्यांना क्वचितच. दोन वाणांचा संकर केला तेव्हा दिसलं की पिलांना रोग होणार की नाही हे बापापेक्षा आईवर जास्त अवलंबून आहे. जॉन बिटनर या संशोधकानं मग एक साधी युक्ती केली. रोगट वाणाची पिलं जन्मताच उचलली आणि निरोगी वाणाच्या मादीच्या दुधावर वाढवली. त्यांच्यातलं रोगाचं प्रमाण एकदम घटलं. हे १९३६ साली प्रसिद्ध झालं. दुधात काहीतरी होतं. बिटनर त्याला बरीच वर्षं ‘दुधातला घटक’ असंच म्हणत राहिला, कारण कर्करोग विषाणूमुळे होतो म्हणणाऱ्याकडे तेव्हा विद्वान संशयानं बघत. पुढे तो घटक विषाणूच ठरला.

हाच धागा मुंबईत एका मराठी बाईंनी हाती घेतला. त्या कमल रणदिवे. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या, माहेरच्या समर्थ. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. लग्नानंतर त्या मुंबईला आल्या आणि टाटा हॉस्पिटलात डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली संशोधन करून १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन पेशी काचपात्रात कशा वाढवतात ते शिकून आल्या आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. आपल्या देशातली ती पहिली मानली जाते. उंदरांच्या अनेक पिढ्या सांभाळून आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू या तिघांचा स्तनाच्या कर्करोगाशी काय संबंध आहे, हे त्या वर्षानुवर्षं तपासत होत्या. १९७३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली, १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. २००१ साली त्या गेल्या.

हे वाचताना मी थबकले. परळच्या ज्या आवारात मी बाकावर भूगोलाचं पुस्तक घेऊन बसले होते, तिथेच आक्काला हा रोग का झाला असेल याचा शोध एक नऊवारी-पाचवारीच्या जगातून आलेली बाई घेत होती. आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. आम्ही घरी येऊन फुलपात्र वेगळं ठेवलं.

आता दुधाची गोष्ट. मुंबईच्या पारशी समाजात स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण इतर समाजांपेक्षा जास्त आहे, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. समाज लहान, लग्नं आपसात. तेव्हा उंदरांच्या त्या जोपासलेल्या वाणांसारखं काही इथे आहे का, असा प्रश्न पडणं साहजिक होतं. अमेरिकेतले डॅन मूर आणि त्यांचे सहकारी, आणि इकडून परळच्या डॉ. सत्यवती शिरसाट, डॉ. पेमास्टर, डॉ. वैद्य यांनी मिळून बाळंतिणींच्या दुधाचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. फेब्रुवारी १९७१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात निष्कर्ष छापून आला. उंदरांच्या विषाणूसारखे दिसणारे कण पारशी स्त्रियांच्या ३९ टक्के नमुन्यांत सापडले. ज्यांच्या घराण्यात हा रोग होता अशा अमेरिकन स्त्रियांत ६० टक्के, आणि ज्यांच्या घराण्यात नव्हता त्यांच्यात ५ टक्के.

आकडे असे होते की जगभर खळबळ उडाली. काळही तसाच होता. रेणूंच्या पातळीवर अशा विषाणूंची उलटी नक्कल कशी होते याचा शोध टेमिन आणि बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये लावला होता. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेनं माणसाच्या स्तनाच्या गाठीत उंदराच्या विषाणूशी जुळणारा आरएनए सापडल्याचं सांगितलं. मुंबईतही टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे एम. आर. दास या कामात होते. कर्करोगाची लस आता हाताशी आली, असं अनेकांना वाटलं.

मग ते सगळं विरलं कसं? कुणी दाबलं म्हणून नाही. ते तर ‘नेचर’मध्ये जगासमोर छापलेलं होतं. ते पडताळणीला टिकलं नाही, इतकंच. दुधात स्निग्धांशाचे, फुटलेल्या पेशींचे असंख्य तुकडे असतात आणि त्यांतले काही विषाणूसारखे दिसतात. नमुने वाढले तसे ते कण निरोगी घराण्यांतल्या स्त्रियांतही दिसू लागले. माणसाचं दूध अशा विषाणूंना मोडून टाकतं, असंही आढळलं. आणि आपल्या गुणसूत्रांतच जुन्या विषाणूंचे अवशेष आहेत, जवळपास आठ टक्के, हे पुढे कळलं. त्यामुळे ‘जुळणारा तुकडा’ सापडणं म्हणजे बाहेरून आलेला विषाणू सापडणं, असं म्हणता येईना.

तरी गोष्ट तिथे संपली नाही. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गटानं नव्या पद्धतीनं तपासणी करून सांगितलं की स्तनाच्या गाठींपैकी सुमारे ३८ टक्के गाठींत उंदराच्या विषाणूशी जुळणारा एक जनुकीय तुकडा आहे आणि निरोगी ऊतीत तो जवळजवळ नाही. त्यानंतर काही प्रयोगशाळांना तो सापडला, काहींना मुळीच नाही. प्रयोगशाळेत उंदराच्या डीएनएचा अंश मिसळला गेला तरी असं दिसू शकतं, ही शंका राहिली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरलेला एचपीव्ही, एपस्टाइन-बार विषाणू, गुरांमधला ल्युकेमियाचा विषाणू, यांचेही माग स्तनाच्या गाठींत शोधले गेले. उत्तर दर वेळी तेच, कुठे आहे, कुठे नाही.

यावर मला आमच्या रामकुंडावरचा दुतोंड्या मारुती आठवतो. गोदावरीला पूर आला की सारं नाशिक त्याच्याकडे बघतं. पाणी गुडघ्याला लागलं का, कमरेला लागलं का, छातीला आलं का. प्रत्येक मोठ्या पुरात मारुती पाण्यात असतो. पण पूर मारुतीमुळे आला असं कुणी म्हणत नाही. गाठीत विषाणू सापडला तर तो मारुतीसारखा नुसता उभा आहे की वरच्या अंगाला धरणाचं दार त्यानं उघडलं, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. गर्भाशयमुखाच्या बाबतीत ते सिद्ध झालं. विषाणू जवळजवळ प्रत्येक गाठीत सापडला, तो पेशीचे लगाम कसे तोडतो ते कळलं, आणि लस दिली तर रोग कमी होतो हेही दिसलं. हॅराल्ड झुर हाउसेन यांना त्यासाठी २००८ मध्ये नोबेल मिळालं, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस २०२३ मध्ये आली. भाचीच्या लेकीला जन्मताच टोचलेली हेपॅटायटिस-बीची लससुद्धा एका अर्थी यकृताच्या कर्करोगाविरुद्धची लसच आहे. २०१८ मध्ये जगात झालेल्या कर्करोगांपैकी सुमारे १३ टक्के कुठल्या ना कुठल्या संसर्गाशी जोडलेले होते. त्या यादीत स्तनाचा कर्करोग आजही नाही.

बँकेत आम्ही मार्चअखेरीला रात्र रात्र बसून ताळा जुळवत असू. कधी काही रुपयांचा फरक निघे आणि कुठून आला ते सापडत नसे. मग ती रक्कम सस्पेन्स खात्यात टाकायची. नफ्यातही घ्यायची नाही आणि विसरायचीही नाही. नोंद ठेवायची, शोध चालू ठेवायचा. विषाणू आणि स्तनाचा कर्करोग हा हिशेब सध्या त्या खात्यात आहे. कुणी तो ‘सिद्ध’ म्हणून खतावला तर चुकीचं आणि कुणी ‘भाकडकथा’ म्हणून खोडला तरी चुकीचं.

पण भाचीच्या प्रश्नाचं उत्तर या खात्यात अडकलेलं नाही. ते मी तिला तीन दिवसांनी सविस्तर सांगितलं.

म्हटलं, आधी आपलंच घर बघ. आक्कानं कुणालाच पाजलं नव्हतं. तुझी आई आणि मी ज्या आईच्या दुधावर वाढलो ती ८६ वर्षांची होऊन गेली, तिला हा रोग कधी झाला नाही. म्हणजे आक्काकडून तुझ्या आईकडे दुधाची वाटच नव्हती. काही आलं असेल तर ते दादांकडून, रक्तातून. बीआरसीए नावाच्या जनुकांतला दोष बापाकडूनही लेकीला येतो, हे लोकांना ठाऊक नसतं. १९९४ आणि १९९५ मध्ये ही जनुकं सापडली. स्तनाच्या शंभर रुग्णांपैकी पाच ते दहा जणींत असा आनुवंशिक दोष असतो. तुझ्या आईची तपासणी झाली तेव्हा तो निघाला नाही. मग तिला का झाला? याचं उत्तर डॉक्टरांकडे नाही आणि माझ्याकडेही नाही. भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाला. एवढ्या मोठ्या आकड्यात एका घरात दोघी निघणं नुसता योगायोगही असू शकतो.

दुसरं म्हणजे, ज्यांच्या आयांना हा रोग होता अशा मुली पाहिल्या गेल्या आहेत. आईच्या अंगावर प्यायलेल्या आणि न प्यायलेल्या यांच्यात फरक आढळला नाही. उलट पाजणाऱ्या आईचाच फायदा होतो. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ३० देशांतल्या ४७ अभ्यासांचा एकत्र हिशेब आला. त्यात ५० हजारांहून अधिक रुग्ण स्त्रिया होत्या. एकूण बारा महिने पाजलं की आईला हा रोग होण्याचा धोका सुमारे सव्वाचार टक्क्यांनी कमी होतो, असं त्यातून निघालं. म्हणजे ज्या भीतीनं तू बाटली धरलीस, तिच्यावरचा थोडासा उतारा तुझ्याच छातीत होता.

ती पलीकडे गप्प होती. मग म्हणाली, “मावशी, मी त्याच रात्री पाजलं होतं. फक्त रडत पाजलं.”

विषाणूच्या बातमीनं आपण जो पहिला अर्थ काढतो तो हा, की रोग ‘लागतो’. ताटातून, स्पर्शातून, दुधातून. एचपीव्हीसारखा विषाणू सिद्ध झालेला आहे तिथेही कर्करोगाच्या गाठीचा असा संसर्ग होत नाही. रुग्णाच्या हातचं खाल्लं, कपडे घातले, शेजारी झोपलं तरी काही होत नाही. डॉक्टर बाई म्हणाल्या, आजही त्यांच्याकडे बायका विचारतात, “नातवाला जवळ घेऊ का?” पन्नास वर्षांत यंत्रं बदलली, औषधं बदलली, देवळी मात्र अजून बऱ्याच घरांत आहे.

आणि या धास्तीचा खरा तोटा वेगळाच होतो. बाई गाठ लपवते. आक्कानं वर्ष घालवलं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलनं १९९८ पासून वीस वर्षं एक मोठा अभ्यास केला, दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा. यंत्र नाही, काही नाही. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासणी करत. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगानं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. एका शिकवलेल्या हाताच्या स्पर्शानं एवढं साधलं. आमच्या घरानं तेव्हा नेमका स्पर्शच टाळला होता.

मी आणि बहीण आता दर वर्षी जोडीनं तपासणीला जातो, येताना मिसळ खातो. भाचीलाही डॉक्टरांनी कधीपासून आणि कशी तपासणी करायची ते लिहून दिलं आहे.

मागच्या महिन्यात भाचीच्या लेकीचं उष्टावण झालं, आमच्याकडे नाशिकला. मामानं खीर चाटवली. पोरगी आधी तोंड वेडंवाकडं करून मग मिटक्या मारायला लागली. पाणी पाजायला वाटी शोधू लागले तेव्हा मी कपाटातून आक्काचं फुलपात्र काढून आणलं. चिंचेनं घासून, कल्हई करून ठेवलं होतं. भाचीनं त्यावरचं कोरलेलं नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं, काही विचारलं नाही. तिनं त्यातून लेकीला दोन घोट पाजले, मग उरलेलं पाणी स्वतः प्यायली. नंतर ते आमच्याकडे आलं.

संध्याकाळी सगळी भांडी घासून झाल्यावर मी ते इतर भांड्यांबरोबर मांडणीवर पालथं घातलं.